एक सेंटीमीटर म्हणजे एक तास

नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे: 1020.171 फूट. त्यातला शेवटचा आकडा जरा नीट बघा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा! इंग्रजांच्या मोजणीखात्याने इतक्या बारकाईने उंची कोरून ठेवली, ती जमीन जागची हलत नाही हे धरूनच.

पण ती हलते. खचते, फुगते, सरकते. डोळ्यांना जाणवत नाही इतकंच. ही हालचाल टिपायला निसार हा उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून निघाला. नासा आणि इस्रो या दोघांचं हे मिळून केलेलं काम आहे. त्यावर रडारही दोन आहेत, नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड. 747 किलोमीटर उंचीवरून फिरणारा हा उपग्रह दर 12 दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर येतो.

एवढ्या वरून सेंटीमीटरचा फरक कसा कळतो? गंमत अशी, की ते 747 किलोमीटर मोजत बसायचंच नाही. रडार लाट सोडतं, ती जमिनीवर आपटून परत येते. परतली तेव्हा ती चढावर होती, माथ्यावर होती की खळग्यात, याची नोंद होते. एल-बँडची लाट सुमारे 24 सेंटीमीटर लांब असते. जमीन उपग्रहापासून 12 सेंटीमीटर दूर गेली तर जाऊन-येऊन 24 सेंटीमीटर जास्तीचे, म्हणजे बरोबर एक अख्खी लाट. डोळ्यांपुढे घड्याळाचा तासकाटा आणा: एका फेरीचे 12 सेंटीमीटर, तर एका सेंटीमीटरला काटा एक तास पुढे! बारा दिवसांपूर्वीचा काटा आणि आजचा काटा यांच्यातला फरक काढला, की जमिनीची हालचाल हाती येते. अर्थात काटा पूर्ण फेरी मारून पुन्हा बारावर आला, की मुळात हललाच नाही, हे एकट्या काट्यावरून सांगता येत नाही. म्हणून कडेच्या स्थिर जमिनीपासून सुरुवात करून शेजारशेजारचे काटे बघत, फेऱ्या मोजत आत जावं लागतं. चिकाटीचं काम आहे.

दुसरा चमत्कार अँटेनाचा. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या जाळीची, 12 मीटर व्यासाची ही थाळी उड्डाणाच्या वेळी घडी करून ठेवलेली होती. अवकाशात ती ऑगस्टमध्ये उघडली. वजन अवघं 64 किलो. (ज्यांनी भारताची मोजणी सुरू केली त्या विल्यम लॅम्ब्टन यांचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्रच, अर्धा टनाचं होतं.) खरं तर जमिनीवरचे दहा मीटरचे तुकडे वेगळे दिसण्यासाठी ही थाळी 19 किलोमीटर रुंद हवी, म्हणजे सीताबर्डीपासून थेट कामठीच्याही पलीकडे. त्यावर तोड अशी, की उपग्रह पुढे सरकत असताना वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी परत आलेल्या लाटा साठवायच्या आणि गणिताने त्यांची एकच प्रचंड अँटेना ‘बांधायची’.

विदर्भाच्या दृष्टीने सोय म्हणजे रडारला ना उजेड लागतो, ना निरभ्र आकाश. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. अशा वेळी साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला वरून ढगच दिसतात. रडारची लाट ढगांतून आरपार जाते. संथ पाण्यावरून ती आरशासारखी दुसरीकडेच परावर्तित होते, त्यामुळे बुडालेली शिवारं चित्रात काळीभोर उमटतात.

मला मात्र खरी उत्सुकता कोळशाच्या पट्ट्याची आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला 2022 च्या ऑगस्टमध्ये एक अख्खं घर जमिनीने गिळलं. वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. असं अचानक कोसळणं आधी सांगण्याची हमी उपग्रह देत नाही. पण जमीन महिनोन्‌महिने हळूहळू बसत असेल, तर ते बसणं काट्यांत उमटेल.

इथे आडवी येते आपली काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते. म्हणजे खाली खाण नसतानाही शेत वरखाली होतं! त्यातून वरचं पीक वाढत असतं आणि हवेतली वाफ लाटेला किंचित रेंगाळवते. एल-बँडची लांब लाट बरीचशी पानांतून खाली उतरते, हा मोठा आधार. तरी फुगणं कुठलं आणि खचणं कुठलं, हे निवडायला मातीची ओळख हवीच. त्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. देशभरच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था इथेच अमरावती रोडवर आहे, इस्रोचं मध्य विभागाचं दूरसंवेदन केंद्रही याच शहरात. शिवाय निसारच्या नोंदी जगात कुणालाही मोफत खुल्या आहेत. घुग्घुस किंवा उमरेडच्या कोळसापट्ट्याचे बारा-बारा दिवसांचे काटे जुळवायला इथल्या एखाद्या महाविद्यालयातली पोरंसुद्धा बसू शकतात.