पिकअपचं ऑइल कधी बदलायचं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

दादरच्या फूलबाजारात पहाटे झेंडू उतरवणारी पिकअप, लालबागच्या मसाला बाजारात मिरचीची पोती टाकणारा छोटा हत्ती आणि गिरगावातल्या चाळीतलं घरसामान हलवणारा टेम्पो. या तिघांच्या मालकांना विचारा, इंजिन ऑइल कधी बदलता? 'पाच हजारांना', 'दहा हजारांना', 'काळं पडलं की', 'दसऱ्याला गाडीची पूजा करतो तेव्हा', अशी उत्तरं मिळतात. यातलं एकही पूर्ण बरोबर नाही. मुंबईच्या मध्यभागात दिवस काढणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा असतो, तो नीट मांडायला हवा.

गैरसमज १ : दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदललंच पाहिजे.

वस्तुस्थिती : हा नियम जुन्या काळातला आहे. तेव्हा पेट्रोलची इंजिनं कार्ब्युरेटरची होती, तेलं आजच्याइतकी टिकाऊ नव्हती आणि इंधनात गंधक भरपूर असे. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भागांवर आली. तेलंही सुधारली. म्हणून आज बऱ्याच पिकअपच्या पुस्तकात दहा हजार किंवा त्याहून मोठं अंतर छापलेलं दिसतं. हायवेवर स्थिर वेगाने चालणाऱ्या अशा गाडीचं तेल पाच हजाराला ओतून टाकणं म्हणजे पैसे गटारात घालणं.

गैरसमज २ : पुस्तकात जो आकडा आहे, तेवढे किलोमीटर बिनधास्त चालवायचं.

वस्तुस्थिती : मुंबईकरांची खरी फसगत इथेच होते. पुस्तकातला मोठा आकडा साधारण वापरासाठी असतो. बहुतेक पुस्तकांत 'खडतर वापर' असा वेगळा उल्लेखही असतो : सतत थांबत-चालत जाणं, जवळच्या फेऱ्या, इंजिन सुरू ठेवून उभं राहणं, धूळ, पूर्ण भार. दादर-परळच्या मालवाहू गाडीला यातलं काय लागू होत नाही?

साधं गणित करू. ताशी ५० किलोमीटरने चालणारी गाडी दहा हजार किलोमीटर कापते, तेव्हा इंजिन २०० तास चाललेलं असतं. तेच अंतर ताशी १५ च्या वेगाने कापलं, तर इंजिन साडेसहाशे तासांहून जास्त चालतं. मीटरवर आकडा एकच, पण तेलाने काम केलेले तास तिपटीहून अधिक. सिग्नलला उभं राहून इंजिन चालू ठेवलं, तर मीटर हलतही नाही. अमेरिकेत ट्रकचे ताफे सांभाळणारे एक ठोकताळा वापरतात : इंजिन एक तास नुसतं चालू राहिलं, की साधारण ४० किलोमीटर झाले असं धरायचं.

प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी १२ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाला आणि तिथली गर्दी टिळक पूल, करी रोड अशा पुलांकडे वळली. अशा रस्त्यावर तासभर अडकलेल्या टेम्पोच्या मीटरवर जेमतेम तीन-चार किलोमीटर चढतात. अनंत चतुर्दशीला परळ-लालबागहून गिरगाव चौपाटीला निघालेला ट्रक तर दिवसरात्र पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या पावलाने चालतो. मीटर दहा किलोमीटरच्या आसपास दाखवतं आणि तेल मात्र एका लांबच्या फेरीइतकं भाजून निघतं.

म्हणून शहराबाहेर क्वचितच जाणाऱ्या गाडीसाठी पुस्तकातलं 'खडतर वापरा'चं अंतर पाळावं. ते दिलेलं नसेल, तर छापील अंतराच्या निम्म्यावर ऑइल बदलणं हा सुरक्षित हिशेब.

गैरसमज ३ : ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं.

वस्तुस्थिती : डिझेल इंजिनात नवं तेल काही दिवसांतच काळं पडतं, आणि ते चांगलं लक्षण आहे. जळणातून सुटणारी काजळी पकडून ती अंगावर वागवायची, इंजिनात कुठे साचू द्यायची नाही, हे तेलातल्या रसायनांचं कामच आहे.

सीएनजीच्या गाडीत उलट फसगत होते. मुंबईत सीएनजीवर चालणारे छोटे टेम्पो आता भरपूर आहेत. गॅस जळताना काजळी फारशी होत नाही, त्यामुळे तेल महिनोन् महिने सोनेरी दिसतं आणि मालक म्हणतो, 'अजून नवंच आहे.' पण उष्णतेने आणि नायट्रोजनच्या संयुगांनी ते आतून घट्ट होत असतं, त्याची संरक्षक रसायनं संपत असतात. रंग हा निकष दोन्हीकडे खोटा ठरतो.

दोन खुणा मात्र खऱ्या. तेल दुधी किंवा कॉफीसारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. डीपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर तेलात डिझेल मिसळतंय. दोन्ही वेळा गाडी थेट गॅरेजला न्यावी.

गैरसमज ४ : बीएस-६ गाडीला कोणतंही ऑइल चालतं, जाड असलं की झालं.

वस्तुस्थिती : बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बहुधा काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. ती साफ व्हायला गाडी काही वेळ एका वेगाने पळावी लागते. भायखळा ते दादर रखडणाऱ्या गाडीला तशी संधी मिळत नाही. साफसफाईसाठी सोडलेलं जादा डिझेल काही इंजिनांत पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपतं आणि तेल पातळ करतं. शिवाय जास्त राख सोडणारं तेल घातलं, तर जाळी कायमची तुंबते. म्हणून अशा गाडीत पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचं, कमी राखेचं तेलच घालावं.

जाडीचंही तसंच. '१५डब्ल्यू-४०' मधला पहिला आकडा तेल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनातला घट्टपणा. नव्या इंजिनातल्या फटी बारीक असतात. जाड तेल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं आणि डिझेलही जास्त खातं. 'जुनी झाली, आता जाड टाक' हा सल्ला रिंगांचा आजार लपवतो, बरा करत नाही.

गैरसमज ५ : वरून भर घालत राहिलं, की बदलायची गरज नाही.

वस्तुस्थिती : लिटरभर नव्या तेलाने पातळी भरते, पण जुनी काजळी, आम्ल आणि चिकटा आतच राहतो. फिल्टरही तोच राहतो. ऑइल बदलताना फिल्टर दर वेळी नवा घालावा. त्यात वाचवलेले चारशे रुपये टर्बोच्या बिलात कितीतरी पटींनी फेडावे लागतात. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन 'धुऊन घेण्या'च्या भानगडीतही पडू नये. उरलेलं डिझेल नव्या तेलात मिसळतं आणि सुटलेला गाळ तेलाच्या वाटा अडवतो.

गैरसमज ६ : गाडी फिरलीच नाही, तर ऑइल कसलं बदलायचं?

वस्तुस्थिती : उभ्या गाडीचं तेलही म्हातारं होतं. जवळच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेली वाफ उडून जात नाही आणि पाणी तेलात उतरतं. मुंबईची दमट हवा त्यात भर घालते. म्हणून किलोमीटर भरले नसले, तरी पुस्तकातली मुदत (बहुधा वर्षाची) संपली की तेल बदलावं.

पावसाळ्याचा नियम आणखी कडक. हिंदमाताला साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. अशा पाण्यात बुडालेलं इंजिन तसंच फिरवलं, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्यावी, डीपस्टिक पाहावी, तेल दुधी असेल तर संपूर्ण बदलावं.

गैरसमज ७ : काळं तेल गटारात ओतलं, विषय संपला.

वस्तुस्थिती : वापरलेलं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. आपल्या गल्लीतलं गटार शेवटी समुद्रालाच मिळतं. काळं तेल अधिकृत संकलन करणाऱ्या गॅरेजकडेच द्या. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर त्यातच भेसळीचं तेल भरून तो पुन्हा बाजारात येऊ शकतो.

एवढं मात्र करा : डॅशबोर्डवर चिकटवलेल्या कागदावर ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि तेलाची प्रत लिहा. दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी, डीपस्टिक काढून पाहा. आणि पुढची तारीख ठरवताना मीटरबरोबर इंजिन किती तास चाललं, तेही मोजा.