सैनिकांतील अस्थि-स्नायुवेदना

मोहिमेवर असताना किंवा तेथून परतल्यावर सैनिकाचे स्नायू, कंडरा, अस्थिबंध, सांधे व पाठीचा कणा यांत उद्‌भवणारी, दीर्घकाळ टिकणारी वेदना. कंबर, गुडघा, खांदा व मान ही तिची नेहमीची स्थाने होत. गोळी वा स्फोट यांमुळे झालेल्या जखमेची नोंद तत्काळ होते; ही वेदना मात्र हळूहळू साचत जाते व तिची नोंद पुष्कळदा राहून जाते. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे.

पाठीवरील ओझे, चढउताराची वाट, खंदकातील अवघडलेली बैठक, खडबडीत रस्त्यावरील वाहनांचे हादरे आणि अपुरी झोप ही तिची प्रमुख कारणे. ओझे घेऊन डोंगर उतरताना गुडघ्यांवर चढणीपेक्षा अधिक ताण येतो. सतत चालण्याने पायाच्या हाडास सूक्ष्म तडा जातो. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या शल्यचिकित्सकाने या विकाराचे वर्णन १८५५ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वीच, केले होते. आजही असा तडा सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही. त्यामुळे रुग्ण ढोंग करीत असल्याचा संशय घेणे अन्यायाचे ठरते.

खानदेशात सैनिकी सेवेची परंपरा जुनी आहे. जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये येथील भिल्लांची पलटण उभारली व धरणगाव हे तिचे ठाणे होते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील तापी खोऱ्याचे मैदान समुद्रसपाटीपासून सु. २०० मी. उंचीवर आहे, तर १९८४ पासून भारतीय सेना जेथे पहारा देत आहे, त्या सियाचीन भागातील काही चौक्या ६,००० मी.पेक्षाही उंच आहेत. इतक्या उंचीवरील दीर्घ वास्तव्यात भूक मंदावते व स्नायू झिजतात. सैनिक घरी परततो, तेव्हा गणवेश उतरला तरी श्रम संपत नाहीत. शिपाई सामान्यतः चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. नंतर कपाशीची वाकून करावयाची कामे, केळीचे घड वाहणे किंवा सुरक्षारक्षक म्हणून तासन्‌तास उभे राहणे त्याच्या वाट्यास येते. जुने दुखणे अशा वेळी उफाळते.

वैद्यकीय श्रेणी घसरेल व बढती हुकेल, या भीतीने अनेक जण सेवेत असताना दुखणे लपवितात. तथापि विकलांगता निवृत्तिवेतनासाठी विकार सेवेमुळे उद्‌भवला वा वाढला असणे आणि विकलांगता सामान्यतः किमान २० टक्के असणे आवश्यक असते. भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे तत्कालीन नियमांनुसार गृहीत धरावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ मध्ये दिला. हकदारीचे नवे नियम २०२३ मध्ये लागू झाले. दाव्यात सेवाकाळातील रुग्णालयीन कागदांना मोठे महत्त्व असते. त्या दृष्टीने लपविलेले दुखणे महागच पडते.

उपचारांत दीर्घ विश्रांतीपेक्षा बेताची हालचाल आणि मांडी, पोट व पाठ यांच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम अधिक गुणकारी ठरतात. वजन आटोक्यात ठेवल्यास गुडघ्यांवरील भार हलका होतो. झोप न लागणे, दचकून उठणे ही मानसिक आघाताची लक्षणे असल्यास त्यांवरही एकाच वेळी उपचार करावे लागतात, कारण त्यांमुळे वेदना तीव्रतर भासते. औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठरास व मूत्रपिंडांस अपायकारक असतात. खानदेशच्या कडक उन्हाळ्यात घामाने शरीरातील पाणी घटलेले असताना हा धोका वाढतो. पायांत बधिरता, शक्तिक्षय वा मूत्रविसर्जनात अडथळा आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेखाली निवृत्तिवेतनधारक सदस्यांना व त्यांच्या अवलंबितांना उपचार मिळतात.