बझर दाबण्याआधीचा अभ्यास

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ‘क्विझ बोल’मध्ये मुख्य प्रश्न एका वाक्यात संपत नाही. समजा, उत्तर रामानुजन आहे. सूत्रधार प्रथम १९२० साली गणिती हार्डींना पाठवलेल्या पत्रातल्या मॉक थीटा फलनांबद्दल वाचेल. मग पूर्णांकांच्या विभाजनांवर दोघांनी मिळून केलेलं काम, त्यानंतर टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक आणि सर्वांत शेवटी कुंभकोणमला वाढून केंब्रिजला गेलेला गणिती. ज्याला कळेल त्याने वाक्य मध्येच तोडून बझर दाबायचा. अवघडाकडून सोप्याकडे उतरणाऱ्या या रचनेला ‘पिरॅमिड’ म्हणतात. ज्याचं वाचन खोल, त्याला उत्तर आधी सापडतं. या खेळाचं खरं मोल इथे आहे.

ही रचना सुरुवातीपासून नव्हती. १९५३ मध्ये डॉन रीड यांचा ‘कॉलेज बोल’ रेडिओवर आला, १९५९ मध्ये टीव्हीवर. शाळकरी मुलांसाठी वॉशिंग्टनमध्ये १९६१ साली ‘इट्स अकॅडेमिक’ सुरू झाला. मॅक मॅकगॅरी यांनी तो अनेक दशकं सांभाळला. प्रेक्षकांना खिळवून ठेवायचं म्हणून टीव्हीवरचे प्रश्न आखूड असत आणि त्यात बोटांच्या चपळाईला महत्त्व येई. पुढे खेळाडूच प्रश्न लिहू लागले आणि प्रश्न लांबले, सखोल झाले. १९९६ मध्ये ‘नॅशनल अकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स’ ही संस्था उभी राहिली. १९९९ पासून ती हायस्कुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरवते.

संघ चौघांचा. मुख्य प्रश्नाला, म्हणजे ‘टॉस-अप’ला, एकट्याने, कुणाशी न बोलता उत्तर द्यायचं, त्याचे १० गुण. या संस्थेच्या नियमांत लवकर ओळखलं तर ‘पॉवर’चे १५, घाईने मध्येच चुकलं तर ‘नेग’ म्हणून ५ वजा. टॉस-अप जिंकला की तीन भागांचा बोनस मिळतो. तिथे मात्र चौघांनी कुजबुजून एकमत करायचं. साहित्य, इतिहास, विज्ञान, चित्र-संगीत, तत्त्वज्ञान, पुराणकथा असा पसारा एकट्याला झेपत नाही. म्हणून मुलं विषय वाटून घेतात आणि एकमेकांच्या विद्येवर विश्वास टाकायला शिकतात.

आपल्याकडे १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ने शाळाशाळांत प्रश्नमंजूषेची आवड रुजवली. तरीही स्नेहसंमेलनातल्या प्रश्नमंजूषांत अजून राजधान्या आणि ‘पहिला कोण’ हेच पुष्कळदा विचारलं जातं. अशा प्रश्नांची तयारी आदल्या रात्री पाठांतराने होते. नामदेव ढसाळ किंवा इरावती कर्वे यांच्यावर सहा धाग्यांचा पिरॅमिड-प्रश्न विचारायचा असेल, तर विचारणाऱ्यालाही आधी ग्रंथालयात बसावं लागतं.

मुलं काय वाचतील, हे शेवटी प्रश्न लिहिणारा ठरवतो. शाळांनी एवढं एक करावं: प्रश्नसंचाची तयार पुस्तकं आणण्याऐवजी नववी-दहावीच्या मुलांनाच असे प्रश्न लिहायला बसवावं. स्पर्धेचा दिवस उजाडेपर्यंत निम्मं शिक्षण झालेलं असेल.