धावत्या हृदयाचे स्थिर चित्र

उत्तरायणाच्या दिवशी सुरतेतील गच्चीवरून पतंगाचे छायाचित्र टिपू पाहणाऱ्यास अनुभवाने ठाऊक असते की, कॅमेऱ्याचे शटर जितके अधिक काळ उघडे, तितका पतंग पुसट. हृदयाच्या कॉरोनरी धमन्यांच्या सीटी चित्रणातही नेमकी हीच अडचण आहे. आणि बालकांत ती दुपटीने जाणवते.

बालरोगतज्ज्ञास या तपासणीची गरज पडते ती मुख्यतः कावासाकी व्याधीत. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली पन्नास बालकांच्या निरीक्षणांवरून तिचे वर्णन केले. उपचाराविना सुमारे एक चतुर्थांश बालकांच्या कॉरोनरी धमन्यांना फुगवटे येतात. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरते. उरलेल्यांचे काय? प्रथम तपासणी अर्थातच इकोची. परंतु मूल वाढू लागले की धमनीचा दूरचा भाग इकोत नीट दिसत नाही. तेथे सीटी उपयोगी पडते. चंडीगढच्या पीजीआय संस्थेने अशा बालकांत तिचा पद्धतशीर वापर केला आहे.

चित्र घडविण्यास यंत्राच्या नळीला साधारण अर्धा फेरा घ्यावा लागतो. फेरा ०.३३ सेकंदाचा असेल, तर 'शटर' सुमारे १६५ मिलिसेकंद उघडे. प्रौढाची नाडी साठ असता ठोक्यांमधील विसावा यास पुरतो. बालकाची नाडी एकशेवीस असेल, तर संपूर्ण ठोकाच ५०० मिलिसेकंदांचा! विसावा जवळजवळ नाहीसा होतो; आकुंचनाच्या अखेरीस क्षणभर स्थैर्य लाभते, तेवढेच साधावे लागते. उजवी धमनी तर सर्वांत चंचल. तिचे चित्र पुसट आले, तर नसलेले आकुंचन दिसते अथवा फुगवट्यातील गुठळी नजरेतून सुटते. ॲस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे की नाही, हा निर्णय अशा चित्रावर सोपविणे धोक्याचे. आणि पुन्हा चित्रण म्हणजे कोवळ्या देहास पुन्हा किरणोत्सर्ग.

जाहिरातींत 'स्लाइस'चा आकडा ठळक छापतात. त्याने एका फेऱ्यात अधिक लांबी टिपली जाते, परंतु गतीचा पुसटपणा त्यामुळे घटत नाही. त्यासाठी वेग हवा. २००५ साली आलेल्या दोन नळ्यांच्या यंत्रास पाव फेरा पुरतो; ८३ मिलिसेकंदांत काम होते, पुढील पिढ्यांत ६६. लगतच्या क्षणांवरून धमनीचा मार्ग ताडून चित्र सुधारणारी संगणकीय प्रणालीही आहे. मात्र त्या जादा क्षणांसाठी किरणोत्सर्ग थोडा वाढू शकतो.

यंत्र आपल्या हाती नसते, नाडी बव्हंशी असते. घाई नसल्यास ताप उतरेपर्यंत थांबावे. भुकेने रडणाऱ्या बालकास तसेच टेबलावर निजवू नये. केटामिनने नाडी वाढते, हे भूलतज्ज्ञांशी आधीच बोलावे. बीटा-ब्लॉकर उपयुक्त, दम्याच्या मुलास मात्र ते टाळावे. रेडिओलॉजिस्टना पाठवावयाच्या चिठ्ठीत वजन, विश्रांतीतील नाडी, दम्याचा पूर्वेतिहास आणि इकोतील धमनीचे माप एवढे तरी अवश्य लिहावे.