नावासकट वाचवलेलं मूल

दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या कॅथलिक धर्मभगिनींनी हजारो ज्यू मुलं आपल्या मठांत, वसतिगृहांत आणि अनाथाश्रमांत लपवून वाचवली. वसईच्या वाचकाला ही हकिकत परकी वाटू नये. सातिवलीला एका अंगाला महामार्ग, त्याला लागून कारखान्यांचे गाळे आणि मागे तुंगारेश्वराचा डोंगर. रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती गावं आणि चर्च लागतात. या भागात सिस्टर म्हणजे शाळेत शिकवणारी किंवा रुग्णालयात रात्रपाळी करणारी ओळखीची बाई. म्हणून युरोपातल्या या सिस्टरांबद्दल आदर वाटायला इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तो आदर रास्त आहे, पण माझ्या मते तो अपुरा आहे. छळातून मूल वाचवायचं काम दोन टप्प्यांचं असतं. पहिल्यात मुलाचा जीव वाचवायचा. दुसऱ्यात, धोका टळल्यावर, त्याचं नाव, त्याची माणसं आणि त्याचा धर्म त्याला परत मिळवून द्यायचा. पहिला टप्पा धैर्याचा, हे सगळेच मानतात. दुसराही तितकाच अवघड होता. काही मठांनी तो निष्ठेने पार पाडला, काही तिथेच अडखळले. हे नीट कळायला वसईच्या माणसाला युरोपापेक्षा आपल्याच किनाऱ्याचा इतिहास जास्त उपयोगी पडेल.

आधी पहिला टप्पा किती कठीण होता ते पाहू. जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या पोलंडमध्ये १५ ऑक्टोबर १९४१ च्या फर्मानाने घेटोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीबाहेर, सापडलेल्या ज्यूला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड लागू झाला. म्हणजे एक मूल आत घेणारी मठप्रमुख केवळ स्वतःचा नव्हे, सगळ्या सिस्टरांचा आणि आश्रमातल्या इतर मुलांचाही जीव पणाला लावत होती. वॉर्सातल्या होझा रस्त्यावर मदर माटिल्डा गेटर या फ्रान्सिस्कन संघाच्या प्रांतप्रमुख होत्या. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. घेटोतून बाहेर काढलेली मुलं त्यांच्याकडे येत, खोटे दाखले घेत आणि गावोगावच्या अनाथाश्रमांत पांगत. तपासणीची चाहूल लागली की ज्यांच्या चेहऱ्यावरून संशय येईल अशा मुलांच्या तोंडाला जखम झाल्यासारखी पट्टी बांधत. बुडापेस्टमध्ये सिस्टर सारा शाल्काहाझी यांनी ज्यूंना लपवलं. २७ डिसेंबर १९४४ रोजी, लपवलेल्या माणसांबरोबरच, त्यांना डॅन्यूबच्या काठी गोळ्या घातल्या गेल्या. पोलंडमधल्या मठांनी किमान १२०० ज्यू मुलं वाचवली, असं एवा कुरेक यांच्या संशोधनात आढळतं. युरोपभर मारल्या गेलेल्या ज्यू मुलांची संख्या सुमारे पंधरा लाख आहे. त्या आकड्यापुढे वाचलेली मुलं मूठभर ठरतात आणि दार न उघडलेले मठही बरेच होते. पण ज्यांनी दार उघडलं, त्यांच्या धैर्याचं मोल त्यामुळे कमी होत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: या बायकांना मुलं वाचवायची नव्हती, बाटवायची होती. आक्षेप निराधार नाही, म्हणून तो झटकून टाकू नये. मात्र मठातली प्रार्थना आणि दाखला यांचं त्या दिवसांतलं काम आधी लक्षात घ्यावं लागतं. गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, माणूस मुलाला 'नमो मरिया' म्हणायला लावू शकत होता. मुलाची जीभ अडखळली की खेळ संपला. कॅथलिक प्रार्थना पाठ असणं हेच त्या मुलाचं ओळखपत्र होतं. दक्षिण फ्रान्समध्ये कापदनाक इथे सिस्टर दनीज बेर्गों यांनी आपल्या शाळेत ८३ ज्यू मुलं ठेवली होती. ही मुलं कोण हे मठातल्याही मोजक्यांनाच माहीत होतं. त्यांना चर्चमधले विधी येत नाहीत याची सबब म्हणून, ती कम्युनिस्ट घरांतली आहेत असं सांगितलं जाई. खोटं बोलणं पाप नव्हे का, हा प्रश्न या बाईंना इतका छळत होता की त्यांनी तुलूझचे आर्चबिशप साल्येज यांना विचारलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध आपल्या चर्चमधून जाहीर पत्र वाचायला लावणारे हेच ते साल्येज. जीव वाचत असेल तर खोटं बोलायला त्यांनी मोकळीक दिली. धाड पडण्याच्या भीतीने काही मुलांना चॅपेलच्या फरशीखालच्या पोकळीत ठेवावं लागलं. आणि माझ्या दृष्टीने या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की आईबापांनी मुलांबरोबर दिलेले दागिने आणि कागद बेर्गों यांनी रात्री बागेत पुरून ठेवले. मुलं परत द्यायची आहेत, असं पहिल्या दिवसापासून धरून चालल्याशिवाय असं कुणी करत नाही. सावकाराकडे ठेवलेल्या दागिन्याची चिठ्ठी जपावी, तसं त्यांनी त्या मुलांचं मूळ जपलं.

बेल्जियममध्ये हे जपणं पद्धतशीर झालं. १९४२ साली तिथे ज्यू संरक्षण समिती गुप्तपणे स्थापन झाली. तिच्या कामात आन्द्रे ग्यूलां ही विशीतली शिक्षिका होती. ती ज्यू नव्हती. ती आणि तिच्या सहकारी घरोघरी जाऊन आयांकडून मुलं घेत आणि मठांत, शाळांत, शेतकऱ्यांकडे पोचवत. मूल कुठे गेलं हे आईलाही सांगत नसत, कारण मारहाणीत कुणाच्याही तोंडून ते निघू शकतं. पण मुलाचं खरं नाव, खोटं नाव, पत्ता आणि क्रमांक वेगवेगळ्या वह्यांत सांकेतिक पद्धतीने टिपलेला असे. एक वही पकडली गेली तरी काही कळू नये आणि युद्ध संपल्यावर सगळ्या एकत्र ठेवल्या की मूल सापडावं, अशी योजना. या वह्यांशिवाय मठांचं धैर्य अर्धवट राहिलं असतं. मे १९४३ मध्ये ब्रसेल्सजवळच्या आंदरलेख्टच्या मठावर गेस्टापो आले. मुलींची तयारी करायला वेळ हवा, असं सांगून सिस्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवसावर ढकललं. त्या रात्री प्रतिकार चळवळीतल्या तरुणांनी मठात शिरून मुलींना पळवून नेलं आणि सिस्टरांवर संशय येऊ नये म्हणून त्यांना बांधून ठेवलं. वांद्रे आणि पाचगणीची सेंट जोसेफ कॉन्व्हेंट चालवणारा डॉटर्स ऑफ द क्रॉस हा संघही बेल्जियममधल्या लिएजचाच. त्याच लिएजचे बिशप केरकोफ्स यांनी आपल्या हद्दीतल्या मठांची दारं ज्यूंसाठी उघडायला लावली होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. गोवा आणि वसई एकाच पोर्तुगीज सत्तेखाली होते. वसई ही तिच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. १५५९ मध्ये राजा सबास्तियांवच्या नावे गोव्यासाठी एक कायदा निघाला. ज्या हिंदू मुलांचे आईबाप आणि आजीआजोबा हयात नाहीत, ती जेजुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायची आणि त्यांना ख्रिस्ती करायचं. काका, मामा, आत्या यांचा हक्क यात जमेस धरलेला नव्हता. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातल्या इन्क्विझिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावर, लिहिताना या काळाची कागदपत्रं वाचकांसमोर ठेवली आहेत. ज्यूंच्या छळाची कहाणीही याच सत्तेशी जोडलेली आहे. वनस्पती आणि औषधांवर ग्रंथ लिहिणारे गार्सिया द ऑर्ता मूळच्या ज्यू घराण्यातले. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होतं. त्यांची बहीण कातारीना हिला १५६९ साली गोव्यात जाळलं आणि १५८० साली त्यांचे स्वतःचे अवशेष थडग्यातून उकरून जाळण्यात आले. हे सांगायचं ते आजच्या वसईतल्या ख्रिस्ती बांधवांकडे बोट दाखवण्यासाठी नव्हे. पूर्वजांवर झालेल्या सक्तीचा जाब वंशजांना विचारण्यात अर्थ नाही. मुद्दा असा, की अनाथ मुलाला छप्पर, जेवण आणि शिक्षण देणारं घर त्याच हाताने मुलाचा वंश पुसूही शकतं. सोळाव्या शतकातल्या त्या जेजुइटांनाही आपण मुलाचं भलंच करतो आहोत, अशी खात्री होती.

हीच खात्री युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये पुन्हा दिसली. व्हिएन्नाहून पळून आलेले डॉक्टर फिनाली आणि त्यांची पत्नी यांना १९४४ च्या फेब्रुवारीत ग्रनोबलजवळ पकडून छळछावणीत पाठवण्यात आलं. ते परतले नाहीत. रॉबेर आणि जेराल्ड ही त्यांची लहान मुलं नोत्र-दाम द सिओंच्या सिस्टरांमार्फत नगरपालिकेच्या शिशुगृहाच्या संचालिका आंत्वानेत ब्रुन यांच्याकडे आली. ब्रुनबाईंनी ती वाचवली, वाढवली. युद्ध संपताच मुलांच्या आत्यांनी ती मागितली, तेव्हा मात्र देईनात. १९४८ मध्ये ब्रुनबाईंनी मुलांना बाप्तिस्मा देववला. १९५३ मध्ये न्यायालयाने मुलं परत द्यायचा हुकूम दिला, तर ती लपवली गेली. या कामी मदत केल्याबद्दल एका मठाच्या मदरला अटक झाली. काही धर्मगुरूंच्या साथीने मुलं पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये नेण्यात आली आणि जूनच्या अखेरीस परत आणली गेली. पुढच्याच महिन्यात ती आत्याबरोबर इस्रायलला गेली. इथे ब्रुन या एकट्या बाईचा हट्ट होता, असं म्हणून सुटका होत नाही. एकदा बाप्तिस्मा झाला की मूल चर्चचंच, हा जुना सिद्धांत तिच्या पाठीशी होता. १८५८ मध्ये बोलोन्यात एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला आईबापांपासून हिसकावून नेलं, ते याच आधारावर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पंधरा लाख मुलं मेली, तिथे वाचलेल्याच्या नावाची चिंता म्हणजे चैन नव्हे का? मूल जिवंत असेल तर पुढे हवा तो धर्म घेईल. या म्हणण्यात वजन आहे, आणि जीव की नाव अशी निवड असेल तर जीवच आधी. पण १९४५ नंतर ती निवड उरलीच नव्हती. शिवाय आईबापांनी मूल देताना जे सोसलं, ते केवळ जीव टिकवण्यासाठी नव्हतं. घराण्यातलं कुणीतरी पुढे आपलं नाव सांगणारं उरावं, ही आशाही त्यात होती. इतिहासकार साउल फ्रीडलेंडर यांचं उदाहरण पाहावं. प्रागमध्ये १९३२ साली जन्मलेल्या या मुलाला आईबापांनी फ्रान्समध्ये मोंल्यूसाँच्या कॅथलिक शाळेत ठेवलं. ते स्वतः स्विस सीमेवरून परत पाठवले गेले आणि आउश्वित्झच्या मृत्युछावणीत मेले. मुलाचा बाप्तिस्मा झाला, नाव पॉल-हेन्री झालं. तो मनापासून भाविक होता, जेजुइट व्हायचं ठरवत होता. तेव्हा एका जेजुइट धर्मगुरूनेच त्याला समोर बसवून आउश्वित्झमध्ये काय झालं ते सांगितलं. आपल्या संघाला एक उमेदवार कमी झाला तरी चालेल, पण मुलाला स्वतःबद्दलचं सत्य कळलंच पाहिजे, असं त्या धर्मगुरूला वाटलं. याहून मोठी धर्मनिष्ठा मला ठाऊक नाही. मूल आपला निर्णय पुढे घेईल हे खरं, पण त्याला घेण्यासारखा निर्णय आहे हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

महाराष्ट्रातही युद्धग्रस्त मुलांना आसरा मिळाला आहे आणि तो या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. सोव्हिएत हद्दीतून सुटलेली पोलिश मुलं १९४२ मध्ये वांद्र्याला आणि तिथून जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ वळीवडे इथे छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४८ पर्यंत राहिली. ती बहुतेक कॅथलिक होती, ज्यू नव्हती. वळीवड्याला पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. मुलं कोल्हापूरच्या उन्हात वाढली, पण पोलिश म्हणूनच वाढली. ती गेल्यावर त्याच जागी फाळणीत उखडलेले सिंधी आले आणि त्याचं गांधीनगर झालं. वळीवड्याच्या फाटकाशी गेस्टापो उभा नव्हता, तेव्हा ही तुलना मठांवर अन्याय करणारी आहे, असं कुणी म्हणेल. पहिल्या टप्प्यापुरतं ते अगदी बरोबर आहे. वळीवड्यात कुणी जीव धोक्यात घातला नाही. पण धोका नसताना परक्या मुलाला त्याच्या भाषेत आणि श्रद्धेत राहू देणं शक्य असतं, एवढं वळीवड्याने दाखवलं. ब्रुनबाईंनाही १९४५ नंतर ते शक्य होतं.

कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ज्यूंविषयीची आपली भूमिका जाहीरपणे बदलली. १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं नाव, राष्ट्रीयत्व आणि नातेसंबंध जपण्याचा हक्क स्वतंत्र कलमात आला. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मूल लवकरात लवकर कुटुंबाकडे परत जावं, हे तत्त्व घालून दिलं आहे. सातिवलीच्या गाळ्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं राबतात. त्यांचं मूल वसई रोडच्या फलाटावर हरवलं तर ते बालकल्याण समितीपुढे जातं. समिती त्याला बालगृहात ठेवते आणि हे बालगृह सरकारी असू शकतं, हिंदू संस्थेचं, ख्रिस्ती संस्थेचं किंवा मुस्लिम संस्थेचंही असू शकतं. तिथे त्याला जेवण आणि शाळा मिळेल, याची काळजी आपण करतो. त्याने तोडक्यामोडक्या बोलीत सांगितलेलं गावाचं नाव पहिल्याच दिवशी, तो म्हणाला तसंच, कागदावर उतरवलं गेलं का आणि त्या कागदाच्या मागे कुणी माणूस गावापर्यंत गेला का, हेही तितक्याच काळजीने विचारायला हवं. ग्यूलांच्या वह्या जगण्यामरण्याच्या धामधुमीत, पकडलं जाण्याच्या भीतीत लिहिल्या गेल्या. आपल्याकडे दप्तर आहे, कायदा आहे आणि लिहिणाऱ्याला शिक्षा करणारा कुणी नाही.