उपवासाची खिचडी रक्तात गेल्यावर काय होतं?

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण चेष्टेने वापरतो, पण ती बऱ्यापैकी खरी आहे. उपवासाला आपण कमी खातो असं नाही, वेगळं खातो. ते वेगळं म्हणजे बहुतेक घरांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वेफर्स आणि वर काहीतरी गोड. माझं पीएचडीचं काम स्टार्चच्या पचनावर चाललंय. त्यामुळे श्रावण जवळ आला की नातेवाइकांचा एक फोन हमखास येतो, "मला शुगर आहे, मी उपवास करू का?" फोनवर याचं उत्तर नेहमी अर्धंच दिलं जातं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

साबुदाण्यात असतं काय?

आपल्याकडचा साबुदाणा कसावा नावाच्या कंदापासून बनतो. त्याचे बरेचसे कारखाने तामिळनाडूत सेलमच्या आसपास आहेत. कंद किसून, पाण्याने धुऊन, तळाशी बसलेला पांढरा साका घेतात, त्याचे गोल दाणे करून भाजतात आणि वाळवतात. या धुण्यात कंदातला चोथा आणि असलेली थोडीफार प्रथिनंही निघून जातात. उरतो तो जवळपास शुद्ध स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. ती तुटायला सुरुवात तोंडातच होते. हे घरी बघता येतं. साबुदाणा शिजवून त्याची थोडी पेज करा आणि दोन वाट्यांत घ्या. एका वाटीत थोडी लाळ मिसळा. वीसेक मिनिटांनी दोन्हींत टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. साध्या पेजेचा रंग निळा-काळा होईल, लाळेच्या वाटीतला रंग फिकट राहील, कारण लाळेतल्या अमायलेज या विकराने माळ तोडलेली असते. (दोन्ही वाट्यांतलं नंतर फेकून द्या, खाऊ नका!) तोंडात सुरू झालेलं हे काम लहान आतड्यात पूर्ण होतं आणि सुटे झालेले मणी, म्हणजे ग्लुकोज, रक्तात शिरतात.

एक चमचा विरुद्ध एक बशी

आता एक सोपा हिशोब करू. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम धरली, तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज होतं फक्त साडेचार ग्रॅम. म्हणजे एक छोटा चमचा. बशीभर खिचडीला ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा लागला असेल, तर त्यातून ६५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जातात. साधारण तीन पोळ्यांइतकी. बटाटा घातला असेल तर तो वेगळा.

एवढी साखर रक्तात साचत नाही, कारण स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं. ते स्नायूंच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावतं आणि यकृताला साठवायला सांगतं. टाइप २ मधुमेहात पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत आणि स्वादुपिंडही हळूहळू थकतं. मग साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. त्या दिवशी काही दुखत नाही, खुपत नाही. पण वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडं, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होत जातात. मधुमेह गंभीर आहे तो या गुपचूपपणामुळे.

"पण मी तर बारीक आहे"

हे वाक्यही मी फार ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभराचं काम केलंय. २००४ साली त्यांनी आणि डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या लोकांत दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, अशी ठेवण खूप आढळते. स्नायू हेच ग्लुकोजचं मोठं कोठार असल्यामुळे कोठार लहान आणि माल तेवढाच, अशी अवस्था होते.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात अंदाजे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून वजनापेक्षा पोटाचा घेर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर रक्त तपासून घ्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, हा मधुमेहाचा आकडा. १०० ते १२५, किंवा ५.७ ते ६.४, हा उंबरठा.

मग ताटात बदल काय करायचा?

आधी एक गंमत. साबुदाण्याचा कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. युरोपियन जहाजांबरोबर ती इकडे आली. म्हणजे उपवास कितीही जुना असला तरी आजची खिचडी तेवढी जुनी असूच शकत नाही. उपवासाचं ताट आधीही बदललंय, आपणही थोडं बदललं तर काही बिघडत नाही.

खिचडी करायचीच असेल तर साबुदाणा निम्मा आणि दाण्याचं कूट जास्त घ्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. कूट आणि तूप यांमुळे जठर हळू रिकामं होतं आणि साखर एकदम न चढता सावकाश चढते. मात्र उष्मांक वाढतात, तेव्हा बशी लहान हवी. आधी काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि वाटीभर दही खा, खिचडी त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. २०१५ साली अमेरिकेत मधुमेहाच्या ११ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. भाज्या आणि प्रथिनं आधी आणि ब्रेड शेवटी खाल्ला, तेव्हा तासाभरानंतरची साखर उलट क्रमापेक्षा ३७ टक्क्यांनी कमी भरली. ११ माणसं म्हणजे फार नाहीत, पण यात खर्च नाही आणि तोटाही नाही. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ हाही चांगला पर्याय आहे, कारण त्यात प्रथिनं आणि फायबर दोन्ही असतात.

जेवल्यावर आडवं होण्याऐवजी १५ मिनिटं चाला. स्नायू हलतात तेव्हा इन्शुलिनची फारशी वाट न बघता ते ग्लुकोज ओढून घेतात. आणि संकष्टीचं जेवण चंद्रोदयाची वाट बघत रात्री उशिरा होतं, तेव्हा दोन मोदक कमीच वाढून घ्या. तेच अन्न सकाळपेक्षा रात्री साखर जास्त चढवतं, कारण इन्शुलिनची यंत्रणाही घड्याळावर चालते.

गोळी चालू असेल तर हे आधी वाचा

पदार्थांपेक्षा मला जास्त काळजी याची वाटते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत, स्वादुपिंडातून इन्शुलिन सोडवत राहतात. निरंकार उपवासात ही गोळी घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. मोजल्यावर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. उपवास मोडेल, हा विचार त्या वेळी करायचा नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते आपल्या मनाने बंद करू नये, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर उपवासात पाण्याची कमतरता आणि शरीरात आम्ल वाढण्याचा धोका असतो. नवरात्राच्या किंवा श्रावणाच्या आधी आठवडाभर डॉक्टरांकडे जाऊन एवढंच विचारा, "उपवासाच्या दिवशी कुठली गोळी, किती आणि कधी?" उत्तर कागदावर लिहून आणा आणि फ्रिजच्या दारावर लावा, म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही दिसेल.

वरईच्या तांदळाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. तो विषय मोठा आहे, पुढच्या लेखात घेते.