जप्तीत सुटले, बँकेत अडकले

दिवाळे निघाले तर अपंगाचे सरकारी अनुदान जाते का? या प्रश्नाला कायदा दीडशे वर्षे बहुतांशी एकच उत्तर देत आला आहे : जाऊ नये. सरकारने पूर्वीच्या सेवेबद्दल किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे दिलेले निवृत्तिवेतन सावकाराच्या मागणीवरून न्यायालयाला जप्त करता येणार नाही, असे १८७१च्या पेन्शन कायद्याच्या अकराव्या कलमाने ठरवले. १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्यानुसार नादार ठरलेल्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. पण कोणत्याही कायद्याने जप्तीतून वगळलेली मालमत्ता त्यातूनही सुटते. कामावर जायबंदी झालेल्याच्या भरपाईला १९२३च्या, तर विमाधारक कामगाराच्या अपंगत्व लाभाला १९४८च्या कायद्याने असेच कवच दिले. तरीही बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न मिटलेला नाही. कायद्याचा पहारा न्यायालयाच्या दारात आहे आणि वसुली मात्र केव्हाच बँकेच्या खात्यात शिरली आहे.

जिल्ह्यातल्या कर्जमुक्तीचा इतिहास पाहिला तर हे कसे घडले ते कळते. १९७५च्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये तो उचलून धरला. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या २००६च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. पुढे २००८ची केंद्राची, २०१७ची आणि २०१९ची राज्याची कर्जमाफी आली. या तिन्ही माफ्यांनी कर्जाचा प्रकार, थकबाकीची तारीख आणि रक्कम पाहिली. शेतात हात गमावलेला कर्जदार आणि धडधाकट कर्जदार त्यांच्या लेखी सारखेच. दुसरीकडे १९८०पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना तहसील कचेरीतून स्वतंत्रपणे चालू राहिली. अपंगांसाठीचे अनुदान २०२५मध्ये दरमहा २,५०० रुपयांवर गेले. सरकारचे एक खाते कर्ज पाहते, दुसरे अपंगत्व. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आली तर काय करायचे, हे कोणीच ठरवले नाही.

अनुदान थेट बँक खात्यात येऊ लागल्यावर ही उणीव टोचू लागली. १८७२च्या करार कायद्याच्या १७१व्या कलमाने बँकेला ग्राहकाच्या तिच्याकडे असलेल्या ठेव्यावर धारणाधिकार दिला आहे. त्यामुळे पीककर्ज थकले की निराधारचे पैसे ज्या खात्यात पडतात त्यालाच होल्ड लागू शकतो. त्यासाठी ना हुकूमनामा लागतो ना नादारीचा अर्ज. पेन्शन कायद्याचे अकरावे कलम न्यायालयीन जप्तीबद्दल बोलते, बँकेच्या परस्पर वळतीबद्दल गप्प आहे. न्यायालयांनी मात्र पैशाचे मूळ स्वरूप जपण्याकडे कल दाखवला आहे : पंजाब नॅशनल बँकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची रक्कम मुदत ठेवीत गुंतवल्यानेही तिचे संरक्षण संपत नाही, असे म्हटले. पण त्या निकालाचा आधार घेऊन भांडायला वकील लागतो, आणि अनुदान तर औषधपाण्यासाठी असते.

यावर पहिला आक्षेप असा की, निराधाराला कर्ज देतो कोण? उत्तर सरकारी योजनांतच आहे. अपंगांना स्वयंरोजगारासाठी कर्ज देण्याकरता राज्याने स्वतंत्र महामंडळ उभारले आहे. शिवाय कर्ज घेतल्यावर अपघात होणारे शेतकरी आहेतच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची एक-दोन लाखांची मदतही याच बँक खात्यांत येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : असे संरक्षण दिले तर थकबाकी वाढेल, बँका हात आखडतील. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला २०१२मध्ये परवाना नाकारला गेला, तेव्हा बँक अडचणीत आल्यावर गावाचे काय होते ते जिल्ह्याने अनुभवले आहे. म्हणून हा आक्षेप झटकून चालणार नाही. पण अनुदान हे कर्जाचे तारण कधीच नव्हते. ते राखल्याने कर्ज माफ होत नाही. पीक, शेत, जामीनदार यांच्यावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. अडीच हजारांवर उभी असलेली वसुली बँकेलाही तारणार नाही.

नवा दिवाळखोरी कायदा हे जुळवून देईल, ही आशा २०१६मध्ये होती. त्यात वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत आणि कर्ज ३५ हजारांच्या आत असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या कर्जदारासाठी नव्या सुरुवातीची सोपी वाट आहे. पण २०१९मध्ये व्यक्तींसाठीचा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. शिवाय वर्षाचे ३० हजारांचे अनुदान उत्पन्नात धरले, तर निम्मी मर्यादा तिथेच संपते. तेव्हा संसदेची वाट न पाहता करण्याजोगे काम राज्याकडे आहे. अपंगत्वासाठी आलेली रक्कम कोणत्याही थकबाकीत वळती करू नये, असा कायम नियम बँकांसाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीत करून घ्यावा आणि होल्ड उठवण्याची जबाबदारी शाखेवर टाकावी. महिलांसाठीच्या लाडकी बहीण योजनेच्या पैशांबाबत २०२४मध्ये सरकारने बँकांना तसेच बजावले होते. अपंगांच्या अनुदानाचा दावा त्याहून जुना आहे.